स्टाइनबेकची कामाची डायरी, दोन बुकमार्क लावून

आधीच सांगते, मला दुसऱ्यांच्या डायऱ्या वाचायला आवडतं आणि त्याची थोडी लाजही वाटते. पण गेल्या वर्षी माझी कादंबरी एकशेदहाव्या पानावर जी रुतली ती रुतलीच. लेखन कसं करावं छापाची पाच-सहा पुस्तकं तोवर वाचून झाली होती, सगळ्यांत तेच, रोज लिहा, पात्राला काहीतरी हवं असू द्या, विशेषणं कापा, अहो कळलं ते, पण आज सकाळपासून मी बसलेय आणि एक ओळ येत नाहीये त्याचं काय करू ते सांगा ना. ते कुणी सांगत नव्हतं. सगळे आपले उंटावरून शेळ्या हाकणारे. मग एका मैत्रिणीने सुचवलं की कसं लिहावं ते सोड, लिहिताना माणसाचं काय होतं ते वाच, आणि मी अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकचं 'वर्किंग डेज' मागवलं.

पुस्तक काय आहे ते थोडक्यात. १९३८ च्या मे अखेरीपासून २६ ऑक्टोबरपर्यंत स्टाइनबेकने 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' लिहिली. धुळीची वादळं आणि बँकांची कर्जं यांनी ओक्लाहोमातल्या शेतावरून उखडलेलं जोड कुटुंब जुन्या खटारा ट्रकमधून कॅलिफोर्नियाला जातं, ती कादंबरी. पाच महिने, कामाचे दिवस शंभरच्या आसपास, दिवसाला दोन हजार शब्दांचं टार्गेट, सगळं हाताने, मोठ्या हिशेबाच्या वहीत मुंगीएवढ्या अक्षरात. आणि हे करताना रोज कामाला बसण्याआधी तो एका वेगळ्या वहीत चार-दहा ओळी लिहायचा. आज काय करायचंय, काल काय राहिलं, डोकं कसं आहे, कोण येऊन बसलंय. ती वही म्हणजे हे पुस्तक. रॉबर्ट डेमॉट नावाच्या अभ्यासकाने संपादन केलंय आणि कादंबरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८९ मध्ये, ते छापलं गेलं. कादंबरीच्या आधीची एक छोटी नोंद आणि नंतरच्या, १९३९ ते ४१ च्या काही नोंदी पण आत आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

माझी कॉपी जुनी. ऑनलाइन एका जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतली, पेजवर 'उत्तम स्थिती, खुणा नाहीत' असं लिहिलं होतं आणि घरी आल्यावर उघडून बघते तर पानापानावर पेन्सिल. आधी डोकंच फिरलं, परत करायचं म्हणून डबा पण फेकला नव्हता, मग सहज चाळायला लागले आणि लक्षात आलं की आधीच्या मालकाने (की मालकिणीने) फक्त रडगाण्याच्या ओळींखाली रेघा मारल्यात. जिथे जिथे स्टाइनबेक म्हणतो मला येत नाही, मी थकलोय, हे फसणार, तिथे जाड रेघ, एका ठिकाणी तर शेजारी दोन उद्गारचिन्हं. आणि जिथे तो म्हणतो आजचा दिवस बरा गेला, तिथे काहीच नाही. म्हणजे माझ्या आधी हे पुस्तक वाचणारा माणूस पण कुठेतरी रुतलेलाच होता. पुस्तक परत केलं नाही.

तर आता मुद्द्यावर. ही डायरी साहित्य म्हणून वाचायला घ्याल तर पंचवीस पानांत कंटाळाल. शप्पथ. सुंदर वाक्यं नाहीत, विचार-बिचार फार नाहीत, तेच तेच येतं, आज उशीर झाला, पाहुणे आले, शेजारी ठोकाठोकी चाललीये, चला कामाला लागतो. 'चला कामाला' हे तर इतक्यांदा की शेवटी मला तो घोडागाडीवाला वाटायला लागला, स्वतःलाच टक टक करत हाकणारा. पण मी एक गोष्ट केली आणि तिथे पुस्तकाचा अर्थच बदलला. कादंबरी शेजारी घेतली आणि दोन बुकमार्क लावले, एक डायरीत एक कादंबरीत. आज कुठल्या प्रसंगाचं लिहायचंय ते तो बऱ्याचदा सांगतो, त्यावरून अंदाजाने जुळवत गेले. डायरीतली नोंद वाचायची, मग त्या सुमारास लिहिलेली पानं वाचायची. पंधरा दिवस लागले, रोज तास-दीड तास.

आणि काय दिसलं, तर काहीच दिसलं नाही. हेच तर ना! ऑगस्ट १९३८ हा त्या माणसाचा भयंकर महिना आहे. त्याचा प्रकाशक, कोविची-फ्रीडे, त्या उन्हाळ्यात दिवाळखोरीत गेला, म्हणजे पुस्तक अर्धं लिहून झालंय आणि छापणार कोण ते माहीत नाही (पुढे त्याचा संपादक पास्कल कोविची व्हायकिंगमध्ये गेला आणि पुस्तक तिकडे गेलं). घराच्या आजूबाजूला बांधकामं, आवाजाने वेड लागायची पाळी, त्यात नवीन जागा विकत घ्यायची गडबड, आणि पाहुणे तर थांबतच नाहीत. महिन्याच्या मध्यावर तो लिहून टाकतो की मी लेखक नाहीच, मी इतके दिवस स्वतःला आणि लोकांना फसवत आलोय. इथे माझ्या पेन्सिलवाल्याची रेघ एवढी जोरात आहे की मागच्या पानावर उमटलीये. आणि मग मी कादंबरीचा मधला भाग काढून बसले, म्हटलं इथे कुठेतरी सांधा दिसणार, इथे गाडी खडखडणार, वाक्य सैल पडेल, पात्रं नुसती बडबडतील. नाही हो. तीच धाव, तीच माणसं, तीच भूक. त्या आठवड्यात लिहिणारा माणूस मोडलेला होता हे कादंबरी वाचून कुणी सांगूच शकणार नाही. मी सांगू शकले नाही, आणि मला तर आधीच माहीत होतं!

उलटंही तसंच. काही दिवस तो खूश आहे, सुटलोय म्हणतो, आणि त्या सुमाराची पानं चांगली आहेत पण दुःखाच्या दिवसांपेक्षा जास्त चांगली वगैरे अजिबात नाहीत. म्हणजे त्या दिवशी लेखकाला आपल्या कामाबद्दल काय वाटलं आणि काम कसं झालं, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार संबंध दिसत नाही. हे कुठलं लेखनाचं पुस्तक सांगू शकत नाही कारण ते सांगून पटत नाही, ते असं दोन बुकमार्क लावूनच बघावं लागतं. सगळ्यात कहर म्हणजे ऑक्टोबरमध्ये, शेवट अगदी आठवड्यावर आला असताना, तो लिहितो की हे एक साधारणच पुस्तक झालंय आणि वाईट याचं की यापेक्षा चांगलं मला जमणारच नाही. त्या साधारण पुस्तकाला १९४० मध्ये पुलित्झर मिळालं. नोबेल १९६२ मध्ये, ते अख्ख्या कामासाठी, पण ह्या पुस्तकाचं नाव काढल्याशिवाय त्या नोबेलबद्दल कुणी बोलत नाही.

आता लगेच कुणी म्हणेल, मग काय, वाईट वाटलं म्हणजे चांगलं लिहिलंय असं समजायचं का? नाही ना बाबा. मी ते करून बघितलंय. डायरी वाचल्यावर मी पण कामाची वही सुरू केली, रोज बसण्याआधी पाच ओळी, आणि उठताना एक शब्द, जमलं किंवा कचरा. साडेतीन महिन्यांनी वही बंद करून सगळी पानं तारखा झाकून वाचली. ज्या दिवशी 'कचरा' लिहिलं होतं त्यातली बरीच पानं खरंच कचरा निघाली, खोटं कशाला बोलू. पण एक प्रसंग, म्हातारा मेलेल्या भावाचे शर्ट घडी करतोय आणि प्रत्येक शर्टाचं वरचं बटण लावतोय, तो 'कचरा'वाल्या दिवसाचा होता आणि आत्तापर्यंत सगळ्या कापाकापीतून तो तेवढा शाबूत आहे. आणि ज्या दिवशी मी 'जमलं!!' लिहून वर हसरा चेहरा काढला होता त्या दिवसाची तीन पानं अख्खी गेली, काय त्या उपमा, देवा. म्हणजे माझं त्या दिवशीचं मत हे नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं, बस इतकंच. मग रोज संध्याकाळी त्या मतावर एवढा जीव का जाळायचा?

दुसरी गोष्ट जी मी उचलली ती म्हणजे वेळ. तो डायरी कामाच्या आधी लिहितो. हे बारीकसं वाटतं पण घोडं इथेच पेंड खातं. आपण डायरी रात्री लिहितो, दिवस संपल्यावर, म्हणून ती तक्रारवही होते. तो सकाळी लिहितो म्हणून त्याच्या तक्रारीला पुढे जायला जागा असते, आवाज होतोय, अंग दुखतंय, बरं, आज टॉमला (जोडांचा मुलगा) घरी पोचवायचंय, आज ट्रक निघायला हवा. नोंदीच्या शेवटाकडे येता येता तक्रार गळते आणि काम उरतं. गाडी थंड असताना चोक ओढून ठेवतात ना तसं. काही नोंदी तर नुसती कामाची यादी, कुठला प्रसंग, कोण बोलणार, आज कुटुंबाचं प्रकरण की त्या मध्ये मध्ये येणाऱ्या सगळ्या देशाच्या प्रकरणांपैकी एक. ज्यांनी कादंबरी वाचलीये त्यांना माहीत असेल, जोड कुटुंबाच्या गोष्टीच्या मधे मधे अशी प्रकरणं येतात जिथे कुटुंब नसतंच, एक कासव रस्ता ओलांडतंय, जुन्या गाड्या विकणारा गिऱ्हाइकाला गंडवतोय. ती आलटूनपालटून रचना कादंबरीत इतकी सहज वाटते, आणि डायरीत तुम्हाला दिसतं की हा माणूस रोज सकाळी त्याचा हिशेब ठेवत होता.

आणि शेवट! हे मला सगळ्यात आवडलं. कादंबरीचा शेवट ज्यांना माहीत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. पूर आलाय, जोडांची मुलगी रोझ ऑफ शॅरन, तिचं मूल मेलेलं जन्मलंय, आणि कोठारात ती उपाशी मरायला टेकलेल्या एका परक्या माणसाला आपलं दूध पाजते. हा शेवट वाचून तेव्हाही खूप लोकांना कसंतरी झालं, कोविचीने पण जानेवारी १९३९ मध्ये लिहिलं की जरा बदल कर, एकदम परका माणूस आणतोयस, आणि स्टाइनबेकने सरळ नाही म्हटलं. मी कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलेलं की हा लेखकाचा हट्ट, शेवटाला काहीतरी भव्य हवं म्हणून. पण डायरीत जूनच्या अखेरीला, म्हणजे पुस्तक सुरू होऊन जेमतेम महिना झालाय, अजून जोड कुटुंब वाटेतच असेल, तेव्हाच तो लिहितो की शेवटचा प्रसंग मनात पक्का झाला, सगळी गोष्ट त्याच्याकडे चाललीये. चार महिने तो त्या कोठाराकडे चालत होता. मग कोविचीच्या पत्राने तो का हलेल? बाहेरून जो हट्ट दिसतो तो आतून बघितला तर पाया असतो, तो काढला तर वरचं सगळं खाली येईल. १९३८ च्याच सुरुवातीला, हिवाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियाजवळ पूर आला होता, हजारो मजूर कुटुंबं चिखलात उपाशी अडकली होती, तो स्वतः तिथे मदतीला गेला होता, ते बघून आलेला माणूस आहे हा. डायरी वाचल्यावर तो शेवट मला आवडायला लागला असं नाही, पण मी त्याच्याशी भांडणं बंद केलं.

आणि ते शेवटचं पान ज्या दिवशी लिहिलं, २६ ऑक्टोबर, त्या दिवशीची नोंद काढून बघा. पोट बिघडलंय, चक्कर येतेय, समोरचा कागद नीट दिसत नाहीये. आणि तशा अवस्थेत तो कोठारातला प्रसंग लिहून पुस्तक संपवतो आणि डायरीत नोंदतो की संपलं, देव करो आणि चांगलं झालेलं असो. बस. ना फटाके, ना भाषण. माझ्या अंगावर काटा आला खरं सांगते, आणि त्याच वेळी हसू पण आलं, कारण मी नेहमी कल्पना करायचे की महान पुस्तकाचं शेवटचं वाक्य लिहिताना लेखक खिडकीतून बाहेर बघत असतो वगैरे.

शीर्षकाचं पण सांगते, त्यात एक मजा आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुस्तकाला नावच नव्हतं. अर्ध्याहून जास्त लिहून झालं होतं. नाव सुचवलं कॅरोलने, त्याच्या बायकोने, एका जुन्या अमेरिकन गीतातल्या ओळीवरून. आणि ती फक्त नाव सुचवणारी नव्हती, त्याचं ते मुंगीअक्षर वाचून ती रोज टाइप करत होती, चुका काढत होती, आल्यागेल्याचं बघत होती. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत तिचं नाव पहिलं आहे. डायरीत ती सतत आहे पण कडेकडेने, कॅरोल टाइप करतेय, कॅरोल थकलीये, कॅरोल आजारी आहे. मला सारखं वाटत राहिलं की तिने पण एक डायरी लिहिली असती तर? ती वाचायला मी रांगेत पहिली उभी राहिले असते. एकटा माणूस खोलीत बसून लिहितो ही जी आपली समजूत आहे ना ती ह्या पुस्तकात नोंदीनोंदीला फुटते, पण पुस्तक त्याबद्दल काही बोलत नाही, ते तुम्हाला स्वतःला दिसावं लागतं.

तिसरा भाग, १९३९ नंतरचा, मला जड गेला. कादंबरी प्रचंड खपलीये, शिव्याही तितक्याच, काही ठिकाणी लोकांनी पुस्तक जाळलंय, आणि हा माणूस पुरता रिकामा झालाय. लग्न मोडायच्या वाटेवर. नोंदी तुटक, अंधारलेल्या. काय लिहावं ते सुचत नाही. हे वाचून प्रेरणा-बिरणा मिळत नाही पण छापलंय ते बरं केलं, नाहीतर १९३८ ची वही एकदम परीकथा वाटली असती, कष्ट केले आणि यश मिळालं. इथे दिसतं की यश मिळाल्यावर पण सकाळी तोच कोरा कागद असतो आणि वरून लोक दार वाजवतायत.

आता तक्रारी. पहिली, टिपा सगळ्या पुस्तकाच्या मागे. म्हणजे एका बोटाने कादंबरी, एका बोटाने डायरी, तिसऱ्या बोटाने टिपा, मी ऑक्टोपस आहे का? आणि टिपांशिवाय चालत नाही कारण तो नावं टाकत जातो, मित्र, एजंट, शेजारी, कोण कुणाचा काय लागतो पत्ता नाही. दुसरी, डेमॉटची प्रस्तावना चांगली आहे, खूप अभ्यास आहे, पण नमनालाच घडाभर तेल, आणि तो सगळ्या चांगल्या ओळी प्रस्तावनेतच उद्धृत करून टाकतो, त्यामुळे डायरीत त्या आल्या की वाटतं हे तर वाचलंय. माझा सल्ला, प्रस्तावना शेवटी वाचा. तिसरी तक्रार पुस्तकाची नाही, अशा सगळ्याच पुस्तकांची, की ज्याने कादंबरी वाचली नाही त्याला ह्यातलं निम्मं पोचणारच नाही. आधी कादंबरी. मग हे.

डायरी वाचणं बरोबर का, हा प्रश्न मला पण पडला होता, वर लाज म्हटलं ना. ह्या पुस्तकापुरतं उत्तर सोपं आहे कारण त्यानेच ठेवलंय. बरेचदा जाळून टाकावीशी वाटली तरी जाळली नाही, नंतर कोविचीकडे दिली आणि अट एवढीच घातली की मी जिवंत असेपर्यंत छापू नका आणि माझ्या मुलांना कधी बाप कसा होता हे बघावंसं वाटलं तर त्यांना बघू द्या. तो १९६८ मध्ये गेला, पुस्तक त्याच्या एकवीस वर्षांनी आलं. सगळ्यांच्या नशिबी एवढं स्वच्छ उत्तर नसतं. जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काने तर आपलं सगळं जाळायला सांगितलं होतं, मित्र मॅक्स ब्रोडने ते ऐकलं नाही, आणि वरून डायऱ्या छापताना त्यात साफसफाई केली, काही नको ते वगळलं, भाषा नीट केली. २०२३ मध्ये रॉस बेंजामिनचं नवीन इंग्रजी भाषांतर आलं ते ह्या साफसफाईच्या आधीच्या मूळ वह्यांवरून, त्यात अर्धी वाक्यं अर्धीच आहेत, एकच सुरुवात परत परत लिहिलेली दिसते. लिहिणाऱ्याने काफ्का घ्यायचाच असेल तर हा घ्यावा.

पण काफ्काची डायरी सांभाळून वाचा बरं का. त्यात १९१२ च्या सप्टेंबरची एक रात्र आहे, २२ ची रात्र ते २३ ची सकाळ, दहा ते सहा, एका बैठकीत अख्खी 'द जजमेंट' कथा, त्याच वहीत. बसून बसून पाय इतके आखडले की टेबलाखालून ओढून काढता येईनात. आणि तो म्हणतो लिहायचं ते असंच लिहायचं. वाचून नशा चढते, मला पण चढली, एक शनिवारची रात्र मी पण जागून काढली, काय मिळालं तर मानदुखी. नंतर लक्षात आलं की ती एक रात्र सोडली तर बाकीची वर्षंच्या वर्षं तो हेच म्हणतोय की आज काही लिहिलं नाही, आणि त्याच्या तीनही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. एका रात्रीचा नियम केला की असं होतं बहुतेक. स्टाइनबेकच्या दोन हजार शब्दांत ती वीज नाही, पण त्याची कादंबरी पूर्ण झाली.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फची तऱ्हा तिसरीच. तिची 'अ रायटर्स डायरी' १९५३ मध्ये नवऱ्याने, लेनर्डने, मोठ्या डायरीतून फक्त लेखनाचं लेखनाचं वेचून काढलेली, आणि असं वेचलं की माणूस एकांगी दिसतो हे त्यानेच प्रस्तावनेत कबूल केलंय. तरी एका गोष्टीसाठी घ्याच. 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी लिहिताना, तेव्हा कादंबरीचं नाव 'द अवर्स' होतं, तिला १९२३ मध्ये एक युक्ती सापडते, पात्रांच्या मागे बोगदे खणायचे आणि भूतकाळ लागेल तसा हप्त्याहप्त्याने सांगायचा. आणि ती काय म्हणते, तर हे सापडायला मला वर्षभर चाचपडावं लागलं. वर्षभर! आपण दुसऱ्या आठवड्यात म्हणतो फॉर्म सापडत नाहीये, सोडून देते. आता मोठमोठे निबंध त्या बोगद्यांवर आहेत, पण ती युक्ती पुस्तक सुरू करण्याआधी तिच्याकडे नव्हती, लिहिता लिहिता सापडली, हे डायरीमुळेच कळतं.

स्टाइनबेकचंच दुसरं एक आहे, 'जर्नल ऑफ अ नॉव्हेल', 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना १९५१ मध्ये लिहिलेलं. वहीच्या डाव्या पानावर कोविचीला पत्र, उजव्या पानावर कादंबरी. लोक हे जास्त सुचवतात कारण ते वाचायला गोड आहे, त्यात पेन्सिलींवर त्याचं एवढं प्रेम आहे की विचारू नका. पण मला त्यात एक खोट दिसली, तिथे त्याला माहितीये कुणीतरी वाचणार आहे. तो थोडा सजून बसतो. 'वर्किंग डेज'मध्ये तो कुणाशीच बोलत नाही, म्हणून तो एवढा कंटाळवाणा आहे आणि म्हणून मला जास्त उपयोगी पडला. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर कंटाळवाणं घ्या.

एक धोका सांगून ठेवते. माझी कामाची वही मध्ये एकदा फारच छान व्हायला लागली. पाच ओळींची पंचवीस झाली, त्यात निरीक्षणं, त्यात वाक्यांना वळणं, एक दिवस तर मी तासभर वही लिहिली आणि कादंबरीचा एक शब्द नाही. वाचणाऱ्यासाठी लिहायला लागले होते, कधीतरी माझीही डायरी कुणी डेमॉट छापेल असं कुठेतरी डोक्यात! मग सरळ घड्याळ लावलं, सात मिनिटं. वाजलं की वही बंद.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक टिपांच्या जागेसाठी कापला. ज्यांचं लिखाण मजेत चाललंय त्यांनी घेऊ नका, उगाच कंटाळाल. ज्यांचं मध्येच अडकलंय, सुरुवातीला नाही, शेवटाला नाही, बरोब्बर मध्ये, त्यांनी घ्या आणि ऑगस्टपासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

आणि माझी कॉपी मागू नका, देणार नाही. माझी कादंबरी आता एकशेसाठ पानांवर आहे, चालतेय तशी चालतेय. पेन्सिलवाल्याच्या रेघा मी खोडल्या नाहीत, पण परवा निळी पेन्सिल घेऊन बसले आणि त्याने सोडून दिलेल्या सगळ्या ओळींना बारीक टिंब देत गेले, जिथे नुसतं एवढंच आहे की आज ठरलेलं काम झालं. सप्टेंबरपर्यंत आलेय. त्याच्या रेघांपेक्षा माझी टिंबं आत्ताच जास्त झालीत.